घरात बाळ येणार असताना सैन्यात रुजू व्हावे का? (आर्मी मेडिकल कोअर, शॉर्ट सर्व्हिस कमिशन)

अनिकेत_वैद्य

नमस्कार. मी एमबीबीएस डॉक्टर असून सध्या एका शासकीय रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. वय २८. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी, म्हणजे ठराविक वर्षांच्या अधिकारीपदासाठी, मी अर्ज केला होता. दिल्लीतील मुलाखत चांगली झाली आणि निवड यादीत नावही आले. आता मेडिकल बोर्ड, म्हणजे वैद्यकीय तपासणी, पार पडले की रुजू होण्याचे पत्र येईल. अर्ज भरला तेव्हा आम्ही दोघेच होतो. आज माझ्या पत्नीला सहावा महिना सुरू आहे. पत्र नेमके प्रसूतीच्या आगेमागे हाती पडण्याची दाट शक्यता आहे.

सैन्यात जाण्याची इच्छा आजची नाही. इंटर्नशिपच्या काळात आमच्या विभागात सैन्यातून निवृत्त झालेले एक सर्जन होते. हाताशी साधने नसताना रुग्ण कसा सांभाळायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि तेव्हापासून हा विचार मनात घर करून आहे. पत्नीला लग्नाआधीपासून हे ठाऊक आहे. ती महाविद्यालयात शिकवते, तिला प्रसूती रजा मिळणार आहे आणि पहिले काही महिने ती माहेरी राहू शकते. ती मला मोकळेपणाने ‘जा’ म्हणते. मात्र मी नाराज होऊ नये म्हणून ती तसे म्हणत असावी, अशी शंका मला राहून राहून येते, आणि थेट विचारले तर ती विषय बदलते.

एमबीबीएस उमेदवारांसाठी वयाची मर्यादा ३० वर्षे आहे. म्हणजे यंदाची संधी सोडली तर पुन्हा अर्ज करायला वाव आहे. पण पुन्हा निवड होईलच असे कोण सांगू शकेल? पहिली नेमणूक कुठे होईल, बाळाच्या जन्माला रजा मिळेल का, कुटुंबाला केव्हा सोबत नेता येईल, या गोष्टी ज्यांनी स्वतः पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. केवळ हो किंवा नाही असे उत्तर मला नको आहे.

पलटणीतला_डॉक्टर

डॉक्टर, मी याच मार्गाने सैन्यात गेलो आणि शॉर्ट सर्व्हिसची पहिली पाच आणि वाढीव नऊ अशी चौदा वर्षे पूर्ण करून बाहेर पडलो. तेव्हा जे पाहिले तेच लिहितो.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो, कारण अनेक नातेवाईक तो तुमच्या डोक्यात भरवतील. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतील ४९ आठवड्यांचे कॅडेटचे जीवन डॉक्टरांच्या वाट्याला येत नाही. तुम्ही रुजू होताच कॅप्टनच्या हुद्द्यावर असता आणि लखनौच्या एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) सेंटर अँड कॉलेजमध्ये तुमचा बेसिक कोर्स होतो. तो काही महिन्यांत संपतो. या कोर्सच्या काळात कुटुंब सोबत नसते आणि मधूनच रजा मिळवणे अवघड असते. तेव्हा प्रसूतीची तारीख या कोर्सच्या मध्यावर येत असेल, तर ती गोष्ट गंभीरपणे घ्या.

कोर्सनंतर काय, हा खरा प्रश्न आहे. काही जण लष्करी रुग्णालयात जातात. पण तरुण एमबीबीएस डॉक्टरला पहिल्या किंवा दुसऱ्या नेमणुकीत पलटणीचा रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर म्हणून जावे लागण्याची तयारी ठेवावी. पलटण पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातील छावणीत, असेल तर घर मिळते आणि कुटुंब सोबत राहते. पलटण फील्डमध्ये असेल, म्हणजे नियंत्रण रेषेवर, लडाखमध्ये किंवा सिक्कीमच्या उंच भागात, तर कुटुंब नेता येत नाही. अशी नेमणूक साधारण दोन वर्षांची असते. त्या काळात कुटुंबाला वेगळे घर मिळण्याची सोय आहे; आमच्याकडे त्याला सेपरेटेड फॅमिली अकोमोडेशन म्हणतात. घर मिळते, परिसर सुरक्षित असतो आणि लष्करी रुग्णालय जवळ असते, फक्त तुम्ही तिथे नसता.

रजेचे गणित कागदावर चांगले दिसते. अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि २० दिवसांची किरकोळ रजा असते. बाळाच्या जन्मासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा वेगळी आहे. मात्र रजा हा हक्क धरून चालत नाही. कर्तव्याची निकड असेल तर ती पुढे ढकलली जाते. आणि पलटणीत डॉक्टर बहुधा एकटाच असतो. दुसऱ्या युनिटचा डॉक्टर तुमच्या जागी आल्याशिवाय तुम्हाला चौकी सोडता येत नाही. इन्फन्ट्रीतील कंपनी कमांडरपेक्षा डॉक्टरची अडचण इथे जास्त असते, हे फारसे कोणी सांगत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. माझ्या दोन्ही कमांडिंग ऑफिसरांना घरची तारीख आधी सांगितली होती आणि दोघांनीही बदली डॉक्टरची व्यवस्था वेळेत करून दिली. रुजू झाल्याच्या पहिल्याच मुलाखतीत पत्नीच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख सांगून टाका. ती दडवून ठेवण्यात शौर्य नाही.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मला सैन्यापेक्षा तारखेची अडचण अधिक दिसते. सेवेची पाच वर्षे तुमच्या संसाराला झेपतील का, याचा विचार एका बाजूला करा; आणि रुजू होण्याचा तो विशिष्ट महिना झेपेल का, याचा विचार दुसऱ्या बाजूला करा. दोन्ही एकत्र केले की माणूस भांबावतो.

निष्ठावंत

माझे मत थोडक्यात मांडतो. निवड यादीत नाव येणे ही सामान्य गोष्ट नव्हे आणि अशी संधी दरवर्षी दार ठोठावत नाही. आज सीमेवर उभे असलेल्या हजारो जवानांच्या घरी अशीच बाळे जन्माला येतात, त्यांच्या पत्नी धीराने सारे निभावतात. तुमच्या पत्नी स्वतः जा म्हणत असतील तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा आणि निघा. अतिविचाराने निर्णय चांगला होत नाही, तो फक्त लांबतो.

मृण्मयी_सहचर

निष्ठावंत, आपल्या भावनेचा आदर आहे. पण ‘त्यांच्या पत्नी निभावतात’ या तीन शब्दांत जे मावते, ते मी जगलेले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

माझे यजमान तोफखान्यात आहेत. आमच्या पहिल्या मुलाच्या वेळी ते उत्तर सिक्कीममध्ये होते आणि पलटणीची रिअर पार्टी, म्हणजे मागे ठेवलेली छोटी तुकडी, जिथे होती तिथल्या छावणीत मी राहत होते. रजा मंजूर झाली होती, पण दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि ते पोहोचेपर्यंत मुलगा जन्मलेला होता. याबद्दल माझ्या मनात कोणाविषयी राग नाही. लष्करी रुग्णालयाच्या फॅमिली वॉर्डात माझ्या उशाशी आमच्या बॅटरीतील (तोफखान्याच्या तुकडीतील) एका हवालदारांच्या पत्नी रात्रभर बसून होत्या. त्यांची माझी ओळख जेमतेम होती. माझ्या सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या, तोपर्यंत बाळाला पहिली अंघोळ घालण्यापासून माझे केस विंचरण्यापर्यंत सारे त्यांनी केले. छावणीतील बायकांची ही जी साखळी असते, तिच्यासारखा आधार मला बाहेर कुठे दिसलेला नाही. डॉक्टर, ही गोष्ट तुमच्या जमेच्या बाजूला नक्की धरा.

आता दुसरी बाजू. सगळे जण प्रसूतीच्या दिवसाची काळजी करतात, पण खरी परीक्षा तेव्हा नसते. बारशापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. त्यानंतर आई परत जाते, सासूबाई परत जातात, फोन विरळ होतात, आणि तिसऱ्या महिन्यापासून पुढे बाळ, तुम्ही आणि घड्याळ एवढेच उरते. रात्री दोन वाजता ताप चढलेल्या मुलाला घेऊन रुग्णालयात जायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हा निर्णय एकटीने घ्यायचा असतो. यजमानांशी बोलणे व्हायचे तेही लाइन मिळेल तेव्हा, आणि चौकीवर बसलेल्या माणसाला तापाची बातमी सांगून त्याचा जीव टांगणीला लावायचा का, हाही विचार करावा लागायचा. मी बऱ्याचदा सांगत नसे. न सांगण्याची सवय दोन्ही बाजूंना लागते आणि पुढे एकाच घरात राहायला लागल्यावर ती मोडायला फार वेळ जातो. संसारावर दुराव्याचा जो खरा परिणाम होतो तो हा आहे, असे माझे मत आहे.

म्हणून तुमच्या पत्नीला ‘मी जाऊ का’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला नाही म्हणण्याचे ओझे तिच्या एकटीवर पडते आणि कोणतीही समंजस बाई ते उचलत नाही. त्याऐवजी कागद घेऊन बसा आणि बाळाच्या पहिल्या बारा महिन्यांतील प्रत्येक महिन्यासमोर लिहा: या महिन्यात घरात रात्री दुसरे मोठे माणूस कोण असेल? आई नेमकी किती महिने राहू शकेल? तिची रजा संपल्यावर बाळ कोणाकडे असेल? ज्या महिन्यांसमोर नाव लिहिता येत नाही, त्या महिन्यांविषयी बोला. तेव्हा तिचे खरे मत आपोआप बाहेर येईल.

डॉ_सुनंदा_प्रसूती

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे केवळ वैद्यकीय मुद्द्यांपुरते लिहिते. धागाकर्ते स्वतः डॉक्टर आहेत, पण पत्नीच्या बाबतीत आपण सारेच थोडे कमी डॉक्टर असतो.

शेवटच्या तिमाहीत पत्नीला नव्या गावी हलवण्याचा बेत शक्यतो करू नये. पहिल्यापासून ज्यांनी तपासले त्यांच्याच हाताखाली प्रसूती होणे केव्हाही चांगले. तुम्ही लखनौला असाल तरी त्यांनी माहेरी, ओळखीच्या डॉक्टरांजवळ राहावे.

मृण्मयीताईंनी तिसऱ्या महिन्यानंतरचे जे वर्णन केले आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते. प्रसूतीनंतर पहिले दहा-बारा दिवस रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक स्त्रियांमध्ये दिसते आणि ते आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही उदासपणा टिकून राहिला, बाळ झोपलेले असतानाही झोप लागत नसेल, बाळाविषयी ओढच वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार लागतात. तो पहिल्या वर्षात केव्हाही डोके वर काढू शकतो. एकटेपणा हे त्याचे एक मोठे कारण आहे. जवळच्या माणसाला हे आधी दिसते, कारण आजारी स्त्री स्वतः सांगत नाही. तुम्ही दूर असणार असाल तर हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी कोणाकडे आहे ते आधीच ठरवा आणि त्या व्यक्तीला ही लक्षणे नीट समजावून सांगा. आईला सांगायला संकोच वाटत असेल तर मैत्रिणीला सांगा.

अतिउंच भागात तान्हे बाळ घेऊन जाण्याचा प्रश्न बहुधा उद्भवणार नाही, कारण अशा ठिकाणी कुटुंबाला परवानगीच नसते. पण लेहसारख्या ठिकाणी काही काळ कुटुंब नेण्याची संधी मिळाली, तर बाळाचे वय आणि प्रकृती पाहून बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ठरवा.

आर्या_निवासी

या धाग्यावर एक उपप्रश्न विचारते, विषयाला धरूनच आहे. मी स्वतः डॉक्टर आहे, विवाहित आहे आणि मलाही याच सेवेसाठी अर्ज करायचा आहे. निवड झाल्यानंतर आणि रुजू होण्यापूर्वी मीच गरोदर राहिले तर? बाळाची वाट पाहणाऱ्या वडिलांसमोर पर्याय आहेत. आईसमोर आहेत का?

कायदेवाचक

आर्याताई, या विषयावर न्यायालयांनी स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. आर्मी मेडिकल कोअरमध्ये निवड झालेल्या एका डॉक्टरला गरोदर असल्याच्या कारणावरून रुजू करून घेतले गेले नव्हते. २०१६ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हा निर्णय घटनेशी विसंगत ठरवला. मूल होऊ देणे आणि नोकरी यांपैकी एकाची निवड करण्यास स्त्रीला भाग पाडता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. गरोदरपणात प्रशिक्षणातील शारीरिक कसरती करता येत नाहीत हे खरेच. पण त्यासाठी रुजू होणे पुढे ढकलणे हा एक मार्ग आहे आणि नियुक्तीच नाकारणे ही वेगळी गोष्ट आहे.

त्यानंतर १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या स्थायी कमिशनबाबत, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या सेवेबाबत, निकाल दिला. मातृत्व आणि घरगुती जबाबदाऱ्यांमुळे स्त्रियांना सैन्यसेवा अवघड जाते, हा सरकारी युक्तिवाद न्यायालयाने त्यात फेटाळून लावला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधील एका अधिकारी स्त्रीला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. लग्न केल्याच्या कारणावरून त्यांना १९८८ साली सेवेतून कमी करण्यात आले होते. एवढी वर्षे त्या लढल्या, ही गोष्ट वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

रजेबाबत सांगायचे तर स्त्री अधिकाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा दोन अपत्यांपर्यंत मिळते आणि बालसंगोपन रजाही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने हेच नियम स्त्री सैनिक, नौसैनिक आणि वायुसैनिकांनाही लागू करण्यास मान्यता दिली. तेव्हा आईसमोर पर्याय आहेत, फक्त ते कागदोपत्री नीट मागावे लागतात. अर्जाच्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा, कारण विवाहाची आणि वयाची अट प्रत्येक प्रवेशमार्गाला वेगळी असते. अग्निवीर म्हणून जायचे असेल तर उमेदवार अविवाहितच हवा. म्हणजे हा धागा ज्या प्रश्नावर आहे तो प्रश्न त्या मार्गावर उद्भवतच नाही.

सागरपार

मी अमेरिकेत राहतो. माझा मेहुणा पत्नी गरोदर असताना तिथल्या सैन्यात भरती झाला, म्हणून हा विषय घरात बराच चर्चिला गेला. तिथले नियम इथे लागू नाहीत, पण एक गोष्ट उचलण्याजोगी आहे.

तिथे एकट्या पालकाला किंवा पती-पत्नी दोघेही सैन्यात असतील तर त्यांना ‘फॅमिली केअर प्लॅन’ नावाचा लेखी आराखडा द्यावा लागतो. अचानक हुकूम आला तर पहिले काही दिवस मूल कोणाकडे राहील, दीर्घकाळासाठी कोणाकडे राहील, पैशांचे आणि उपचारांचे अधिकार कोणाकडे असतील, हे सारे त्यात नावानिशी लिहावे लागते आणि ज्यांची नावे लिहिली त्यांची संमतीही लागते. मेहुण्यावर हे बंधन नव्हते, तरी त्याने तसाच आराखडा घरापुरता तयार केला. माझ्या बहिणीला सर्वांत जास्त धीर त्या कागदाने दिला, असे ती सांगते. मृण्मयीताईंनी सुचवलेला बारा महिन्यांचा कागद जवळपास हेच काम करतो. त्यात आर्थिक व्यवहारांचे मुखत्यारपत्र आणि संयुक्त खाते एवढे जोडावे.

डिसेंबर २०२२ पासून तिथे आई आणि वडील दोघांनाही बाळाच्या जन्मानंतर बारा आठवड्यांची रजा मिळते. आपल्याकडील १५ दिवसांची पितृत्व रजा त्या मानाने फारच तोकडी वाटते. यावर आपल्याकडे कधीतरी मोकळेपणाने चर्चा व्हायला हवी, आणि ती सैन्यापुरतीच मर्यादित नसावी.

निष्ठावंत

मृण्मयीताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. रस्ता बंद होण्याचा प्रसंग वाचून मन भरून आले. माझा मुद्दा मात्र मी मागे घेत नाही. धागाकर्त्याने यंदा नकार दिला आणि पुढच्या वर्षी निवड झाली नाही, तर ती रुखरुख आयुष्यभर घरात राहील आणि तिचा भार नकळत त्या बाळावर पडेल. ‘तुझ्यामुळे राहिले’ असे कोणी बोलून दाखवत नाही, पण घरात ते जाणवत असते. हाही धोका मोजला पाहिजे.

पलटणीतला_डॉक्टर

निष्ठावंत यांचा हा मुद्दा खरा आहे आणि मी तो लिहायला हवा होता. त्याला जोडून आणखी एक. बाळ वर्षाचे झाले की जाणे सोपे होईल, असे समजू नका. तान्हे बाळ वडिलांना ओळखतही नसते, म्हणून त्याच्यापुरते दूर राहणे सोसण्यासारखे असते. आईला मात्र तेव्हाच सर्वाधिक गरज असते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला वडील गेल्याचे कळते आणि ते रडून घर डोक्यावर घेते, पण तोपर्यंत आई बरीच सावरलेली असते. कोणत्या काळात कोणाला अधिक त्रास होणार, एवढाच हा फरक आहे. माझ्या मते पहिले सहा महिने आईचे मानावेत आणि त्यानुसार ठरवावे.

पैशांबाबत कोणी विचारले नाही, तरी सांगतो. सातव्या वेतन आयोगानुसार कॅप्टनचे मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे आणि डॉक्टरांना नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स (खासगी व्यवसाय न करण्याबद्दलचा भत्ता) असतो. पत्नी आणि मुलांचे उपचार लष्करी रुग्णालयात होतात. शॉर्ट सर्व्हिसला निवृत्तिवेतन नाही, हे मात्र लक्षात असू द्या. सेवेत असताना विभागीय परीक्षा देऊन स्थायी कमिशन मिळवता येते, पण त्यावर विसंबून आजचा निर्णय घेऊ नका.

अनिकेत_वैद्य

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने कोणी लिहील असे वाटले नव्हते.

आम्ही दोघे काल रात्री तो बारा महिन्यांचा कागद घेऊन बसलो. पहिल्या चार महिन्यांसमोर नावे सहज लिहिली गेली. पाचव्या महिन्यापाशी पत्नीचा हात थांबला. तिची रजा तोवर संपत आलेली असेल, तिच्या आईला तिच्या भावाकडे जावे लागेल आणि माझ्या आईला गुडघ्यांमुळे बाळ उचलून फिरणे जमणार नाही. त्या रिकाम्या ओळीवर आम्ही बराच वेळ बोललो. बोलता बोलता तिने जे सांगितले ते मला आजवर माहीत नव्हते. प्रसूतीच्या वेळी मी नसेन याची तिला फारशी भीती नाही. ‘तुझ्यामुळे मी गेलो नाही’ असे मला कधी वाटेल, याची तिला भीती आहे, आणि म्हणूनच ती घाईने होकार देत होती. निष्ठावंत, तुम्ही लिहिलेली गोष्ट तिच्या मनात आधीपासूनच होती.

ठरले ते असे. मेडिकल बोर्डाला मी जाणार. रुजू होण्याची तारीख प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतर निदान सहा आठवड्यांची असेल तर रुजू व्हायचे, कारण ते सहा आठवडे मी घरी असेन आणि लखनौचा कोर्स चालू असताना तिची आई सोबत राहील. त्यापूर्वीची तारीख आली तर कारण नमूद करून लेखी मुदतवाढ मागायची. ती नाकारली गेली तर यंदा जायचे नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. ही तिसरी अट पत्नीची नाही, माझी आहे, आणि मी ती माझ्या हाताने त्या कागदावर लिहून खाली सही केली आहे, जेणेकरून पुढे कधी शंका उरू नये. पाचव्या महिन्याची ओळ अजून रिकामी आहे. तिच्या महाविद्यालयाजवळ विश्वासू पाळणाघर शोधण्याचे काम माझ्याकडे आहे.

निष्ठावंत

पुढच्या वर्षावर मी विसंबलो नसतो, हे पुन्हा नोंदवतो. पण दोघांनी समोरासमोर बसून ठरवले आहे, तेव्हा मेडिकल बोर्डासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

डॉ_सुनंदा_प्रसूती

सहा आठवड्यांची अट योग्य आहे. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला पत्नीसोबत तुम्ही स्वतः जा, आणि त्या दिवशी केवळ टाके आणि रक्तदाब विचारून निघू नका. त्यांना झोप कशी लागते, हेही तिथल्या डॉक्टरांसमोर विचारा.

मृण्मयी_सहचर

डॉक्टर, रिकाम्या ओळीवर बोलणे झाले हे वाचून बरे वाटले. आता कागदपत्रांचे सांगते, कारण यात अनेक तरुण जोडप्यांचे महिनेच्या महिने जातात.

सैन्याच्या दफ्तरी तुमचे लग्न आणि तुमचे मूल ‘पार्ट टू ऑर्डर’ (सेवा-नोंदीतील बदलाचा अधिकृत आदेश) निघाल्यावरच नोंदले जाते. तोवर पत्नीचे किंवा बाळाचे अवलंबितांचे ओळखपत्र बनत नाही, आणि त्यावाचून लष्करी रुग्णालयात प्रत्येक वेळी समजावत बसावे लागते. रुजू होताना विवाह नोंदणीचा दाखला मूळ प्रतीसह सोबत ठेवा. बाळाचा जन्म आधी झाला तर जन्मदाखलाही त्याच फाइलमध्ये हवा. तुम्ही कोर्सवर असताना पलटणीच्या कारकुनाशी पत्रव्यवहार कोण करणार, हे लिहून ठेवा. बहुधा ते काम पत्नीलाच करावे लागते, म्हणून तुमचा सैन्यातील वैयक्तिक क्रमांक तिच्याकडे असू द्या. विम्यावर आणि बँकेत नामनिर्देशन पहिल्याच आठवड्यात करा.

आणि आई-वडिलांची नावे विवाहाच्या दाखल्यावर, आधारवर आणि जन्मदाखल्यावर अक्षरशः एकसारखी असली पाहिजेत. आमच्या मुलाच्या दाखल्यावर माझे नाव माहेरच्या आडनावाने आले होते आणि ते दुरुस्त होईपर्यंत ऑर्डर अडून राहिली. रुग्णालयात जन्माचा अर्ज भरला जातो तेव्हा तुम्ही घरीच असणार आहात, तर तो अर्ज तुम्ही स्वतःच्या हाताने भरा.